आयईपी बैठक : सहीची घाई नको

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलासाठी वर्षातून किमान एकदा ‘आयईपी’ची, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखड्याची बैठक होते. समोर पाच-सहा तज्ज्ञ पाहून तिथे नवखे असलेले मराठी पालक अनेकदा गप्प बसतात. पण ‘आयडिया’ कायद्यानुसार ते पाहुणे नाहीत, समितीचे सदस्य आहेत. दुभाषी लागला तर शाळेच्या खर्चाने मिळतो. जाणकार व्यक्तीही सोबत नेता येते. स्पीच थेरपी आठवड्याला किती मिनिटे, हे आराखड्यात लिहिले आहे का पाहा. ‘देऊ की’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. तिथल्या तिथे सही करण्याची सक्ती नाही, कागद घरी नेऊन वाचा. पहिल्यांदा सेवा सुरू करायला तर पालकांची लेखी संमती लागतेच. मागणी नाकारली, तर कारणांसह लेखी नोटीस देणे शाळेवर बंधनकारक आहे. ती मागून घ्या.