तीळ बदलतोय? मग दुर्लक्ष नको!

गालावरचा तीळ रूप खुलवतो, मुठीतला तीळ पैसा देतो आणि तळपायाला तीळ असला की पायाला भिंगरी! आजीच्या तोंडून हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण एखादा तीळ वाढू लागला, रंग बदलू लागला तर शकुन बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायला हवं. तो मेलानोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कॅन्सर असू शकतो.

पेशी बिघडते कशी? पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं, याच्या सूचना जनुकांत लिहिलेल्या असतात. त्यातलंच एक ‘बीरॅफ’. त्याला दारावरची बेल समजा. बटण दाबलं की वाजते, बोट काढलं की थांबते. पण बटणच अडकून बसलं तर? दारात कुणी नसतानाही बेल वाजतच राहणार! बीरॅफमधलं एकच अक्षर बदललं, की पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप सतत मिळत राहतो. इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हा बदल शोधला. पाश्चात्त्य देशांतल्या जवळपास निम्म्या मेलानोमांमध्ये तो सापडतो.

गंमत म्हणजे आपल्या साध्यासुध्या तिळांतही तो बऱ्याचदा असतो. पण ‘सीडीकेएन२ए’सारखी जनुकं ब्रेक लावतात, म्हणून तीळ तिळाएवढाच राहतो. हे ब्रेकही निकामी झाले, तर धोका वाढतो.

“आईला झाला म्हणजे मुलीलाही होणार का?” ही धास्ती अनेकींना असते. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून आजार लपवलाही जातो. पण मैत्रिणींनो, हे बहुतेक बदल जन्मानंतर त्या पेशीतच घडतात. ते मुलांकडे जात नाहीत. काही थोड्या घराण्यांत मात्र सीडीकेएन२एमधला दोष वारशानं येतो. म्हणून रक्ताच्या नात्यात कुणाला मेलानोमा झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आपल्या सावळ्या त्वचेत हा कॅन्सर कमीच आढळतो. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. प्रसिद्ध गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये गेले, तेही पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलानोमानं. आपण मात्र तळपायाचा काळा डाग ‘कुरूप असेल, काटा मोडला असेल’ म्हणून सोडून देतो.

अडकलेल्या बीरॅफला रोखणारं पहिलं औषध, व्हेमुराफेनिब, अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं. पण ते जनुकात तो बदल असेल तरच चालतं, आणि बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांनी त्याचा असर ओसरतो. लवकर ओळखून गाठ काढून टाकणं, हाच सर्वांत चांगला उपाय.

म्हणून महिन्यातून एकदा आंघोळीनंतर तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं नीट पाहा. सासूबाईंचे पायही बघा. डागाच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग एकसारखा नाही, आकार सहा मिलिमीटरहून मोठा आहे, तो वाढतोय, रक्त येतंय, नखावर नवीन काळी पट्टी उमटलीय, असं काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चुना लावणं, ब्लेडनं खरवडणं नको. आणि ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ या गैरसमजापायी तुकडा तपासायला नकार देऊ नका. त्या तपासणीनंच खरं काय ते कळतं.