गोड्या पाण्यातील स्पंज : जनुकांचा हिशेब

स्पंज हे छिद्री संघातील प्राणी. त्यांच्या हजारो ज्ञात जातींपैकी बहुतेक सागरी असून गोड्या पाण्यात जेमतेम अडीचशेच्या आसपास जाती आढळतात. दगडांवर, बुडालेल्या लाकडांवर हिरवट किंवा करड्या थरासारखे ते वाढतात आणि पाणी गाळून त्यातील जिवाणू व सूक्ष्म शैवाल खातात. त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासात मुंबईला मानाचे स्थान आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर यांनी 1840च्या दशकात तिथल्या तलावांतील स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ‘एफिडेशिया मेयेनी’ ही जात त्यांनी 1849 मध्ये वर्णिली, तर ‘युनापियस कार्टेरी’ या जातीला 1863 मध्ये त्यांचे नाव मिळाले.

तलाव आटला किंवा गोठला की मूळ स्पंज मरतो; पण बहुतेक जाती त्याआधी जेम्यूल तयार करतात. जेम्यूल म्हणजे कठीण कवचातला पेशींचा सुप्त गोळा. कवचावरच्या सिलिकामय कंटिकांवरून जात ओळखता येते. कोरडेपणा आणि थंडी सोसणारे हे गोळे वाहत्या पाण्याबरोबर दूर जातात. पाणपक्ष्यांमार्फतही त्यांचा प्रसार होतो, असे मानले जाते.

जेम्यूल अलैंगिक असल्याने त्यातून उगवणारा स्पंज मूळ स्पंजाचीच जनुकीय प्रत असतो. त्यामुळे एका खडकावर दहा ठिपके दिसले, तरी ते दहा स्वतंत्र जीव असतीलच असे नाही. नवी जनुकीय जुळणी लैंगिक प्रजननातून होते. परंतु त्यातून जन्मलेल्या अळ्या अल्पकाळ पोहतात आणि सहसा जवळपासच चिकटतात. शिवाय आधी पोहोचलेल्या जेम्यूलांची संतती जागा व्यापून बसली, तर नंतर आलेल्यांना शिरकाव अवघड जातो. इटलीतील ‘एफिडेशिया फ्लुव्हिआटिलिस’च्या मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतील पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) अभ्यासात (2013) याच मक्तेदारीच्या गृहीतकाचा आधार घेतला होता. म्हणजे सर्वदूर पसरलेली जातही आतून तुटक असू शकते.

हे वैविध्य मोजण्यातही अडचण आहे. प्राण्यांच्या जाती ओळखण्यासाठी रूढ असलेला तंतुकणिकांच्या डीएनएचा भाग स्पंजांत फार सावकाश बदलतो. जवळच्या जातींत तो जवळपास सारखाच निघतो. म्हणून मायक्रोसॅटेलाइट किंवा संपूर्ण जनुकसंच वापरावा लागतो. ‘एफिडेशिया म्यूलेराय’चा गुणसूत्र-पातळीवरचा जनुकसंच 2020 मध्ये प्रसिद्ध झाल्याने हे काम सोपे झाले आहे.

संवर्धनाची निकड सर्वाधिक दिसते ती सायबेरियातील बैकल सरोवरात. ल्युबोमिर्स्किइडी हे कुल फक्त तिथेच आढळते. त्यातील ‘ल्युबोमिर्स्किया बैकालेन्सिस’ फांद्यांसारखी वाढते आणि एकपेशीय हिरव्या शैवालांना शरीरात आसरा देते. 2010 नंतरच्या काळात या स्पंजांचा हिरवा रंग उडणे, अंगावर जांभळट डाग पडणे आणि मोठ्या प्रमाणावर मर होणे, अशी लक्षणे नोंदली गेली. एकच रोगजंतू निर्विवादपणे दोषी ठरलेला नाही. सहजीवी सूक्ष्मजीवांची घडी विस्कटल्याचे मात्र आढळले. या कुलातील स्पंज जेम्यूल बनवत नाहीत, म्हणून साथीनंतर सुप्त साठ्यातून वस्ती पुन्हा उभी राहण्याची सोय त्यांना नाही.

त्यामुळे संवर्धनात केवळ जातींची यादी पुरत नाही. प्रत्येक जलाशयात वेगळे वंश किती आहेत, शेजारच्या वस्तीशी त्यांची देवाणघेवाण आहे का आणि तळाशी जेम्यूलांचा साठा उरतो का, हे तपासावे लागते. तलावातला सगळा गाळ आणि दगड एकाच वेळी काढले, तर तो साठाही जातो. टप्प्याटप्प्याने काढल्यास काही भाग शाबूत राहतो. वस्ती नष्ट झालेल्या जागी दुसरीकडचे स्पंज आणण्यापूर्वी दोन्हीकडील डीएनए ताडून पाहणे आवश्यक ठरते.