न मोजलेली रांग

३ ऑक्टोबर २०२३ रोजी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला आणि त्यांना शौचालय साफ करायला लावलं. त्याआधीच्या दोन दिवसांत तिथे ३१ रुग्ण दगावले होते. त्यांत १६ बालकं होती. चित्रफीत राज्यभर फिरली. पुढे खासदारांवर गुन्हा दाखल झाला, आणि मूळ प्रश्न बाजूला पडून वाद झाडूवर रंगला.

त्या अधिष्ठात्यांच्या हाती खरोखर काय होतं, हे तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. अध्यापक-डॉक्टरांची नियमित पदं लोकसेवा आयोगामार्फत आणि मंत्रालयाच्या मर्जीने भरली जातात. औषधांची मोठी खरेदी मुंबईतून होते. इमारतीची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. पैसा वित्त विभाग सोडेल तेव्हा येतो. येणारा रुग्ण मात्र परत पाठवता येत नाही. हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणाच्या सीमेवरची गावं विष्णुपुरीच्या या रुग्णालयावरच विसंबून आहेत. अधिकारांच्या या वाटणीत अधिष्ठात्यांच्या वाट्याला झाडूच उरतो, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

रुग्णालय कुणाचं, हा प्रश्न महाराष्ट्रात वाटतो तितका सोपा नाही. नांदेडचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत १८ मृत्यू झाले ते कळव्याचं रुग्णालय ठाणे महापालिकेचं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बाळं गेली ते भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषद चालवते, आणि तिथले कितीतरी कर्मचारी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर असतात. त्यात नवं वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं की जिल्ह्याचं ‘सिव्हिल’ त्याला जोडलं जातं. पाटी बदलते, विभाग बदलतो, रुग्ण तोच राहतो. दुर्घटना घडली की या सगळ्यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय आहे. भंडाऱ्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवली गेली. कारवाईची शिडी खालून वर चढायला लागते आणि पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच थांबते.

नांदेडनंतर एका वकिलाच्या पत्राची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं. रुग्ण अत्यवस्थ होऊन शेवटच्या घटकेला खासगी रुग्णालयांतून आले, निष्काळजीपणा झालेला नाही, ही सरकारची बाजू होती. खासगी दवाखान्यात पैसे संपले की रुग्णाला ‘सरकारी’त हलवतात हे खरंच आहे. पण रुग्णांचा बोजा वाढला म्हणून राज्याची जबाबदारी सुटत नाही, असं न्यायालयाने सुनावलं. सुनावणीत आणखी एक गोष्ट पुढे आली, ती मला सर्वांत बोलकी वाटते. औषधखरेदी आधी हाफकिन महामंडळाकडे होती. तिथला उशीर संपावा म्हणून २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभं केलं. त्या नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नव्हता. काम ‘अतिरिक्त कार्यभारा’वर चाललं होतं. पूर्णवेळ अधिकारी नेमा, हे न्यायालयाला सांगावं लागलं.

‘अतिरिक्त कार्यभार’, ‘प्रभारी’, ‘प्रतिनियुक्ती’, ‘बंधपत्रित’, ‘कंत्राटी’: आपली आरोग्यसेवा या शब्दांवर उभी आहे. २०१६-१७ ते २०२१-२२ या काळाचं लेखापरीक्षण करणारा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात मांडला गेला. मंजूर पदांच्या तुलनेत डॉक्टरांची चौथ्या हिश्शाहून अधिक आणि परिचारिकांची सुमारे एक तृतीयांश पदं रिकामी असल्याचं त्यात नोंदलेलं आहे. विशेषज्ञांची स्थिती त्याहून वाईट. आणि ही तूट मंजूर पदांशी ताडून काढलेली. मंजुरीचा आकृतिबंध मुळातच लोकसंख्येच्या मागे रेंगाळलेला असतो, त्यामुळे खरी उणीव कागदावरच्या उणिवेपेक्षा मोठी धरायला हवी.

पदं भरायला कुणी नको म्हटलं नव्हतं, असं उत्तर यावर ठरलेलं असतं. मग २०२१ ची भरती आठवावी. सप्टेंबरमध्ये आरोग्य विभागाची परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली. राज्याच्या कानाकोपऱ्यातून आदल्या रात्रीच एसटी धरून निघालेली मुलं अर्ध्या वाटेवर होती. ऑक्टोबरअखेर गट ‘ड’ची परीक्षा झाली तर प्रश्नपत्रिकाच फुटली. तपासात खुद्द आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांना अटक झाली आणि परीक्षा रद्द ठरली. पुढची मोठी परीक्षा, सुमारे ११ हजार पदांची, व्हायला २०२३ संपत आलं. एक प्रश्नपत्रिका फुटण्याची किंमत वॉर्डातल्या रुग्णांनी दोन वर्षं मोजली. या दोन वर्षांचा जाब राजकीय पातळीवर कुणी दिला? दरम्यान अभियानाचे कंत्राटी कर्मचारी सेवेत कायम करा म्हणून २०२३ मध्ये संपावर गेले, २०२५ मध्ये पुन्हा गेले. डॉक्टरांसाठी बंधपत्राची सक्ती आहे: शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सेवा द्या, नाहीतर दहा लाख रुपये भरा. वर्षभरासाठी आलेला तरुण डॉक्टर पहिल्या दिवसापासून पदव्युत्तर प्रवेशाच्या अभ्यासाला लागतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही; त्याच्याकडून कायमस्वरूपी यंत्रणा उभी राहील, ही अपेक्षाच भाबडी आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितलं होतं की २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करा. महालेखापरीक्षकांच्या त्याच अहवालानुसार महाराष्ट्र २०२१-२२ मध्ये, म्हणजे करोनाच्या वर्षातसुद्धा, पाच टक्क्यांच्या आसपास होता. त्यातही अर्थसंकल्पात तरतूद होणं आणि तो पैसा ‘सुटणं’ या दोन वेगळ्या घटना आहेत. निधी हप्त्याहप्त्याने येतो आणि ‘मार्च एंड’ला धावपळीत खर्ची पडतो. डेंग्यू मात्र पावसाळ्यात येतो.

आता रांगेकडे वळू. सरकारी रुग्णालयातल्या रुग्णाला एमआरआयची, सांध्याच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेची ‘तारीख मिळते’. ती आठवड्यांनंतरची असते, कधी महिन्यांनंतरची. राज्यात एकूण किती माणसं अशा तारखेची वाट पाहत आहेत? हा आकडा दर महिन्याला कुठेही प्रसिद्ध होत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरसकट उपचार मोफत झाले, ते चांगलंच झालं. पण दार उघडताना आत उभ्या माणसांची मोजदाद कुणी ठेवली नाही.

इंग्लंडमध्ये ती ठेवतात. नियोजित उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावा, किमान ९२ टक्के रुग्णांच्या बाबतीत तरी, हा तिथल्या आरोग्यसेवेचा लिखित निकष आहे. २०१६ च्या सुरुवातीनंतर तो एकदाही पाळला गेलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये यादी ७७ लाखांवर गेली. म्हणजे कारभार उत्तम आहे असं मुळीच नाही. शिवाय आकडा आला की आकड्याशी खेळणारेही येतात: नऊ रुग्णालय-संस्थांनी प्रतीक्षायाद्यांत फेरफार केल्याचं तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००१ मध्ये उघड केलं होतं, आणि त्याची झळ सुमारे सहा हजार रुग्णांना बसली होती. तरीही जानेवारी २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांना रांग कमी करण्याचं वचन द्यावं लागलं, आणि ते पुरं झालं नाही हे फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅमेऱ्यासमोर कबूल करावं लागलं. आकडा दर महिन्याला छापून येत होता, दडवायला जागा नव्हती. आपल्याकडे अशी कबुली देण्याची वेळच कुणावर येत नाही.

मोजणं आपल्याला जमत नाही, असंही नाही. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय यांची वाट पाहणाऱ्यांची नोंद विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या ठेवतात. अवयव कुणाला आणि कोणत्या क्रमाने मिळणार याचे नियम ठरलेले आहेत. २००७ मध्ये पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेच्या समन्वयाने अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा तर गावकऱ्यांनीच आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरलं. सेवा चांगली तर हिरवा रंग, बरी तर पिवळा, वाईट तर लाल. मग जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागे. बाहेरून औषधं आणायला लावणारी चिठ्ठी तिथे पुरावा म्हणून पुढे यायची. या प्रयोगाची मर्यादाही तिथेच होती. लाल शेरा मिळालेल्या केंद्रातल्या डॉक्टरने ‘दुसरं पद तीन वर्षं रिकामं आहे’ म्हटलं, तर ते पद भरू शकणारा माणूस त्या मांडवात बसलेला नसे.

पैसा नाही, ही सबब कायद्याने केव्हाच निकालात निघाली आहे. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई दिली आणि आर्थिक अडचण सांगून राज्याला जबाबदारी झटकता येणार नाही, असं बजावलं. कुठल्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळणारी मध्यवर्ती यंत्रणा उभारा, हेही त्याच निकालात आहे. तो निकाल देशभराला लागू होतो.

तेव्हा पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयाबद्दल एवढंच विचारा: मंजूर पदांपैकी आज किती भरलेली आहेत, तरतुदीपैकी डिसेंबरअखेर किती पैसा हातात आला, आणि शस्त्रक्रियेच्या तारखेसाठी किती जण किती दिवस थांबले आहेत. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. त्याला दहा रुपये लागतात, आणि तीस दिवसांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे.