‘विनापत्य हवी’ या अटीपलीकडे

वधू-वर परिचय पुस्तिकांतील पुनर्विवाहाचे पान चाळताना एक शब्द वारंवार खुपतो : ‘विनापत्य’. विधवा चालेल, घटस्फोटिता चालेल, मात्र मूल नसावे. जिच्या पदरी मूल आहे, ती भगिनी मग आपली माहिती पाठवीतच नाही.

शिरोळ तालुक्यातील एका श्राविकेनेही ती कधी पाठविली नव्हती. पतीच्या निधनानंतर पतसंस्थेतील नोकरी, वृद्ध सासूबाई आणि सात वर्षांची कन्या एवढेच तिचे विश्व होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने गावे वेढली, तेव्हा नावेतून माणसे हलविणाऱ्यांत सैन्यातून नुकतेच निवृत्त झालेले एक हवालदार होते. जवान बहुधा चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. इतरांच्या संसाराची घडी बसत असते त्या वयात त्याला ‘माजी’ हे बिरुद लागते. यांचा पहिला विवाह बदल्यांच्या फरफटीत मोडला होता.

पूर ओसरल्यावर घराघरांतील गाळ उपसताना ओळख झाली. पुढे ते रविवारच्या पाठशाळेत मुलांना व्यायाम शिकवू लागले. मार्चअखेरीस पतसंस्थेचे हिशेब सूर्यास्तापलीकडे लांबत आणि रात्रिभोजनत्यागाच्या नियमामुळे ही भगिनी उपाशीच घरी परते. हे कळल्यावर हवालदार रोज सायंकाळी सहाच्या आत सासूबाईंनी भरलेला डबा पतसंस्थेच्या शिपायाकडे देऊन निघून जात. वर कधी जात नसत. महिनाभर हाच क्रम चालला. ‘प्रेम’ हा शब्द आपल्या मासिकांत जपूनच वापरला जातो. येथे मला दुसरा शब्द सुचत नाही.

मात्र रक्षणाची सवय अंगात मुरलेल्या पुरुषाचा सहवास नेहमीच सुखाचा असतो असे नाही. विवाहाची बोलणी सुरू होताच त्यांनी तिच्या स्कूटरवरून कोल्हापूरला जाण्यास हरकत घेतली. परतण्याची वेळ ठरवून दिली, घरी कोण येते याची विचारपूस आरंभिली. हेतू निर्मळ होता, यात शंका नाही. परंतु चार वर्षे एकटीने घर सांभाळलेल्या स्त्रीला ते जाचणारच. तिने स्पष्टच सांगितले, “मला पहारा नको, सोबत हवी. पहाराच द्यायचा असेल, तर हे इथेच थांबवू या.” बोलणी दोन महिने थांबली.

शस्त्र हाती धरणाऱ्या श्रावकाविषयी आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ विचार केला आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगून, संकल्पी हिंसा गृहस्थाने सर्वथा त्यागावी, परंतु आश्रितांच्या रक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा त्याला पूर्णपणे टाळता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. श्रवणबेळगोळची सुमारे ५८ फुटी बाहुबली मूर्ती गंग राजांचा सेनापती चामुंडराय याने इ. स. ९८१ च्या सुमारास उभारविली आणि परंपरा सांगते की, त्यामागे माता काललदेवीची इच्छा होती. सैनिकाचा धर्म आणि श्रावकाचा धर्म यांत आपल्याला विरोध दिसत नाही, तो यामुळेच. पण ज्याचे रक्षण केले ते आपल्या मालकीचे झाले, असे मानू लागलो की तेथे परिग्रह सुरू होतो. जमीन-सोन्याच्या परिग्रहाचे परिमाण आपण ठरवितो. माणसांच्या बाबतीत ते क्वचितच सुचते.

हवालदारांनी या दोन महिन्यांत काय विचार केला, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. परत आले तेव्हा आधी मुलीला विचारले, “आईशी लग्न केलेलं तुला चालेल का?” ती म्हणाली, “चालेल, पण बाबा नाही म्हणणार.” त्यांनी मान डोलावली.

सासूबाईंची भीती वेगळी होती. सून गेली तर नातही जाईल आणि मुलाची शेवटची खूण पुसली जाईल, असे त्यांना वाटे. विरोध मात्र त्यांनी केला नाही. दक्षिण महाराष्ट्रातील चतुर्थ व पंचम जैनांत विधवेचा पाट लावण्याची रूढी होतीच. त्यांच्या स्वतःच्या आजीचा पाट लागला होता. शहरी प्रतिष्ठेच्या नादात आपण ती रूढी कमीपणाची मानली, हे मला आपल्या समाजाचे नुकसान वाटते. उत्तरेत ब्रह्मचारी शीतलप्रसादजींना विधवाविवाहाचा पुरस्कार केल्याबद्दल विसाव्या शतकातही स्वकीयांचा रोष पत्करावा लागला.

कायद्याविषयी गैरसमज फार आहेत. जैनांना हिंदू वारसा, दत्तक व पालकत्व कायदे लागू आहेत. पतीकडून वारशाने मिळालेली मालमत्ता पुनर्विवाहामुळे विधवेकडून काढून घेता येत नाही. मुलीचा वडिलांच्या मिळकतीतील हिस्साही अबाधित राहतो. सावत्र पिता आपोआप नैसर्गिक पालक होत नाही. तो हक्क आईकडेच असतो. त्याला मुलगी दत्तक घ्यावयाची असल्यास दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर लागते. मुलाचे आडनाव ठरविण्याचा पुनर्विवाहित मातेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला आहे.

या कुटुंबाने दत्तकविधान केलेले नाही. सासूबाई त्याच गल्लीत, चार घरे सोडून राहतात आणि नात शाळेतून प्रथम तिकडे जाते. शाळेच्या दाखल्यावर दिवंगत वडिलांचेच नाव आहे. पालकसभेला हवालदार जातात, मागच्या बाकावर बसतात, आणि वर्गशिक्षिकांनी विचारले तर मुलगी सांगते, “हे माझे काका.”