सान रोकेच्या चौकातून

मरणाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १६१५ साली, स्पॅनिश लेखक मिगेल दे सर्व्हान्तेसने आठ नाटकं आणि आठ छोटी प्रहसनं छापून काढली आणि पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं की यातलं काहीही आजवर रंगभूमीवर आलेलं नाही. ‘डॉन किहोते’ या कादंबरीमुळे नाव झालं होतं, पण नाटकवाले त्याला विचारत नव्हते. त्याआधी १५९० मध्ये त्याने अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींत नोकरी मिळावी म्हणून राजाकडे अर्ज केला होता. मागितलेल्या जागांपैकी एक होती सोकोनुस्कोची, आणि तो मुलूख आज मेक्सिकोत आहे. अर्ज फेटाळला गेला. मेक्सिको त्याने कधी पाहिलाच नाही.

आज मात्र मध्य मेक्सिकोतल्या ग्वानाहुआतो शहराचा ऑक्टोबर त्याच्या नावाने ओळखला जातो. याचं श्रेय एनरिके रुएलास या नाटकवेड्या प्राध्यापकाचं. १९५३ मध्ये त्याने सर्व्हान्तेसची प्रहसनं विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना आणि गावातल्या हौशी लोकांना घेऊन सान रोकेच्या छोट्या चौकात, उघड्यावर बसवली. नेपथ्य बांधायची गरजच नव्हती. मागे चर्च, बाजूला जुनी घरं, पायाखाली दगडी फरसबंदी. चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं हे शहर चांदी ओसरल्यावर तसंच थांबून राहिलं होतं, आणि त्या थांबण्याचा रुएलासने पुरेपूर उपयोग केला.

पुढची दोन दशकं या प्रयोगांचीच. १९६३ मध्ये विद्यापीठाची ‘एस्तुदियान्तीना’ निघाली. जुन्या स्पॅनिश विद्यार्थ्यांसारखे काळे झगे घातलेली मुलं गिटार-मेंडोलिन घेऊन गल्ल्यांतून गात निघतात, लोक मागोमाग चालतात, मध्येच थांबून एखादी आख्यायिका, एखादा चावट विनोद. पर्यटकांना आता तेवढंच ग्वानाहुआतो माहीत असतं, हे थोडं दुर्दैवच. त्याच दशकात शहराखालून वाहणाऱ्या नदीच्या जुन्या पात्रातून रस्ता काढला गेला. १९०५ च्या महापुराने गाव उद्ध्वस्त केल्यावर नदी वळवण्यासाठी बोगदा खणला होता. पात्र मोकळं झालं आणि मोटारी जमिनीखाली गेल्या.

मग १९७२. राष्ट्राध्यक्ष लुइस एचेवेरियाच्या राजवटीत पहिला आंतरराष्ट्रीय सर्व्हान्तिनो महोत्सव भरला. मेक्सिको सिटीतल्या १९६८ च्या विद्यार्थी हत्याकांडाच्या वेळी हाच माणूस गृहमंत्री होता, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या नाटकातून उगवलेल्या उत्सवावर त्याच्या सरकारचा शिक्का उमटणं मला नेहमी खटकतं. पण सरकारी पैसा आला तसे देशोदेशीचे वाद्यवृंद, बॅले, नाटकमंडळ्याही आल्या. १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासने ज्याचं उद्घाटन केलं, ते हुआरेस नाट्यगृह पुन्हा झगमगलं. आलोन्दिगा दे ग्रानादितास या जुन्या धान्यकोठारासमोरच्या पटांगणात मोठ्या मैफली होऊ लागल्या. १८१० मध्ये स्वातंत्र्यासाठी उठलेल्या हिदाल्गोच्या बंडखोरांनी हे कोठार जिंकलं होतं. पुढच्याच वर्षी हिदाल्गोसह चौघांची मुंडकी कोठाराच्या चार कोपऱ्यांना टांगली गेली आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत, १८२१ पर्यंत, तिथेच राहिली. त्या भिंतींसमोर आज लोक नाचतात.

१९८७ मध्ये किहोतेच्या चित्रशिल्पांचं संग्रहालय उघडलं. एउलालिओ फेरेर या जाहिरातव्यावसायिकाने आपला संग्रह त्याला दिला. स्पेनच्या यादवीनंतर फ्रान्समधल्या निर्वासितांच्या छावणीत त्याने सिगारेटी देऊन ‘डॉन किहोते’ची एक प्रत मिळवली होती. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा व्यवहार हाच. १९८८ मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

नंतर पाहुणा देश आणि पाहुणं राज्य बोलावायची रीत पडली. २०१८ मध्ये भारत पाहुणा होता. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे महोत्सव पडद्यावर गेला आणि २०२२ मध्ये दक्षिण कोरिया व मेक्सिको सिटी यांच्यासह त्याची पन्नासावी आवृत्ती झाली. विस्तार दिपवणारा आहे. पण रुएलासच्या चौकात नट गावातले होते. आता गाव प्रामुख्याने यजमान झालंय. खोल्या भाड्याने द्यायच्या, गल्ल्या रात्रभर दारू पिणाऱ्या तरुणांना सोडून द्यायच्या.

गावाचे स्वतःचे सण वेगळेच आहेत आणि ते सर्व्हान्तिनोपेक्षा पुष्कळ जुने. ईस्टरपूर्व पवित्र आठवड्याच्या आधीच्या शुक्रवारी दुःखी माता मेरीच्या वेदी मांडल्या जातात, खाणींतही. त्या दिवशी खाणकाम करणाऱ्यांची कुटुंबं खाणी पाहायला येतात, मुलींना फुलं दिली जातात, आणि आलेल्याच्या हातात सरबत किंवा बर्फाचा गोळा ठेवतात. ते मेरीचे अश्रू मानले जातात. जुलैच्या पहिल्या सोमवारी अठराव्या शतकातल्या प्रेसा दे ला ओया धरणाचे दरवाजे उघडतात. साठलेलं पाणी सोडून नदी धुऊन काढायची, एवढंच मूळ काम. त्याचा उत्सव झाला. ३१ जुलैला, ग्रामदैवत सान इग्नासिओच्या दिवशी, लोक बुफा टेकडीवरच्या गुहेकडे चढतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने, माझं ऐकायचं असेल तर, महोत्सवाचा ऑक्टोबर सोडावा आणि जुलैची तिकिटं काढावीत. पाऊस असतो, पण ग्वानाहुआतोची माणसं तेव्हा आपापल्या सणात असतात.