शर्यत सायकलची, रस्ता सर्वांचा

स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन जवळ आला की आपल्या जिल्ह्यात सायकल शर्यतींची चर्चा सुरू होते. मुले पहाटे उठून सराव करतात, ही आनंदाचीच गोष्ट. हृदयाला आणि फुप्फुसांना सायकलीसारखा व्यायाम क्वचितच मिळतो. पण रस्ता बंद करून शर्यत घेणे छोट्या मंडळांना जमत नाही. मग त्याच रस्त्यावर एस.टी. असते, वणीकडचे कोळशाचे ट्रक असतात, हंगामात कापसाने फुगलेल्या गाड्या असतात आणि मधूनच एखादी म्हैसही आडवी येते.

काही वर्षांपूर्वी अशाच शर्यतीनंतर सतरा वर्षांच्या एका मुलाला संध्याकाळी माझ्याकडे आणले. पुढच्याला मागे टाकण्यासाठी तो वळणावर मधल्या पांढऱ्या पट्टीपलीकडे गेला. समोरून ट्रक आला. त्याने सायकल झटकन डावीकडे घेतली आणि तो किलोमीटरच्या दगडावर आपटला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. पठ्ठ्या उठला, हसला, शर्यतही पूर्ण केली. घरी जाऊन जेवला. चार तासांनी डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या, गुंगी आली. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठत होते. अशा इजेत मधला काही काळ माणूस ठणठणीत दिसू शकतो आणि तोच काळ फसवा असतो. नागपूरला तातडीने शस्त्रक्रिया झाली म्हणून तो वाचला.

मुलगा उनाड नव्हता. डावीकडून चालवायचे, हे त्याला ठाऊक होते. मला विचाराल तर घात केला तो धापेने. जीव तोडून पायडल मारताना लक्ष आकसते, समोरचे चाक तेवढे दिसते. त्यात गणित पाहा. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एखादा सेकंद सहज जातो आणि आपले स्पर्धक तर वारा लागू नये म्हणून पुढच्याच्या मागे हातभर अंतरावर असतात! तेव्हा पट्टी ओलांडायची की नाही, हे आदल्या रात्री घरीच ठरवावे. धापा टाकताना ते ठरत नाही.

नियम पाळून शर्यत रटाळ होते, असे तरुण म्हणतात. अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत वाहत्या रस्त्यांवरच होते. थांबा म्हटले तिथे थांबावे लागते. नियम मोडला तर वेळेचा दंड, वारंवार मोडला तर स्पर्धक बाद. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ती एकट्याने पूर्ण केली.

हेल्मेटचेही तसेच. मोठमोठे व्यावसायिक स्पर्धकही पूर्वी ते टाळत. 2003 मध्ये फ्रान्समधील शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा कझाकस्तानचा स्पर्धक पडून डोक्याच्या इजेने दगावला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने हेल्मेट सक्तीचे केले. आपल्या मंडळांनी त्यासाठी कायद्याची वाट पाहू नये. पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील इतकाच सैल असावा.

आयोजकांनी शर्यत उजाडल्यावर लगेच सुरू करावी, बाजाराचा दिवस टाळावा, प्रत्येक फाट्यावर झेंडा घेऊन माणूस उभा करावा. आणि मोटारसायकलवरून ओरडत स्पर्धकांच्या बाजूने जाणारे मित्र? त्यांना आधी घरी पाठवावे. निम्मी गर्दी त्यांचीच असते.

कोणी डोक्यावर पडलाच तर तो कितीही हसत असला तरी त्याची शर्यत तिथेच संपवावी. बेशुद्ध असेल तर पाणी पाजू नये, मान हलवू नये, 108 ला फोन करावा. शुद्धीत असला तरी डॉक्टरांना दाखवावे आणि पुढचे 24 तास एकटे सोडू नये. उलटी, वाढती डोकेदुखी, बोलण्यात गडबड, जास्तीची झोप यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्यावे.