खाशाबांची ढाक

खाशाबा जाधवांच्या आठवणी निघाल्या की जुने शौकीन त्यांच्या बळाचेच गोडवे गातात. मला हे अर्धसत्य वाटते. 1952 साली हेलसिंकीस कांस्यपदक मिळविणारा गोळेश्वरचा हा मल्ल अवघ्या 57 किलो गटातला! त्याचे खरे अस्त्र ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत जखडावयाची, कंबर फिरवावयाची, की तो गडी उलथून पडलाच. एकदा तोल सुटला म्हणजे अंगचे वजनच वैरी होते.

पण हेलसिंकीस जावयाचे तर पैसा हवा. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले आणि ते घर सोडविले.